केमोच्या दिवसांत कोण काय करायचं? सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

विश्रामबाग, सांगली

माझी केमो, म्हणजे कॅन्सरची केमोथेरपी, संपून आता बराच काळ झाला. तरी अधूनमधून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "आमच्या वहिनींना सुरू होतेय, घरच्यांनी नेमकं काय करायचं?" औषधांचं डॉक्टर सांगतात. घरातलं मात्र ज्यांनी निभावलंय त्यांनीच सांगावं, म्हणून हा धागा काढतेय. "सगळ्यांनी खूप आधार दिला" एवढ्यावर थांबू नका. कोण आलं, काय केलं, कशानं बरं वाटलं ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मला स्तनाचा कॅन्सर होता. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी एक दोनशेपानी वही घातली. ताप किती, काय खाल्लं, उलटी झाली का, शौचाला झालं का, तोंडात फोड आलाय का, सगळं तारीखवार. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्या लाल पेनानं लिहायच्या. तपासणीला गेलं की डॉक्टर मला कमी आणि त्यांना जास्त विचारायचे. मला त्या दिवसांत कालचं आज आठवत नव्हतं. केमोत अनेकांचं असं होतं, हेही नंतर कळलं.

दुसरं म्हणजे फोन. चौकशीला दिवसभर फोन यायचे, आणि प्रत्येकाला तेच सांगताना माझा जीव जायचा. जाऊबाईंनी सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं, "रविवारी संध्याकाळी मी स्वतः सांगेन, मधे तिला फोन करू नका." चार माणसं रुसली. त्यांनी रुसू दिलं.

सदर बझार, सातारा

मी नवरा म्हणून लिहितोय. बायकोला आधी लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, दिलं आणि नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. त्या औषधानं पहिला-दुसरा दिवस लघवी लालसर होते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही.

खरी अडचण फोडणीच्या वासाची होती. कढईत मोहरी पडली की तिला आतून ढवळून यायचं. शेजारच्या काकूंनी मला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून फोडणीचं जे काही असेल ते त्यांच्या ओट्यावर व्हायला लागलं. आमच्या घरात फक्त भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा. काकू डबा झाकून आणायच्या आणि गार झाल्यावरच उघडायच्या, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. कोरेगावहून सासूबाई आल्या की त्या नाचणीची आंबील करायच्या. तोंड आलं होतं तेव्हा तेवढंच गिळता यायचं, आणि मीठ व खायच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या.

एका रात्री ताप चढला. आम्हाला बजावलेलं होतं की ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, वेळ कुठलीही असो, दवाखाना गाठायचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, आणि तेव्हाचा ताप साधा समजायचा नसतो. वरच्या मजल्यावरचे भाऊजी त्या आठवड्यात गाडी कायम फाटकाकडे तोंड करून लावायचे आणि फोन उशाशी ठेवायचे. हाक मारल्यावर पाच मिनिटांत निघालो. रात्रीच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही.

तासगाव तालुका

माझा लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, ऐन ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर निघाला. द्राक्षवाल्यांना सांगायला नको याचा अर्थ काय. छाटणीनंतर पेस्ट, फुटवे काढणं, फवारण्या, डिपिंग, विरळणी, एक दिवस इकडचा तिकडं चालत नाही. आणि माझी केमो दर २१ दिवसांनी. डॉक्टरांनी बागेत पाय टाकायचा नाही म्हणून सांगितलं. माती, शेणखत, औषधाचा फवारा, सगळं बंद.

आमच्या गावातले आम्ही चौघं एका वर्गातले. तिघांनी बसून माझ्या बागेचं वेळापत्रक त्यांच्या वहीत उतरवून घेतलं. एकानं फवारणी घेतली, एकानं मजूर, एकानं हिशेब. ब्लोअर त्यांचा, डिझेलचे पैसेही घेईनात. मी म्हटलं, "लेका, तुझीही बाग आहे की." तो म्हणाला, "माझी छाटणी आठ दिवस मागं ढकलली. तुझं आधी."

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते रात्रीचं. प्रत्येक केमोबरोबर पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असायच्या. त्यानं भूक वाढते आणि झोप पार उडते. घरची दिवसभर दमलेली, त्यांना उठवायला जीव व्हायचा नाही. शेतीची लाईट रात्रीची असायची, तेव्हा मोटर चालू करून आला की मित्र सरळ आमच्या ओसरीवर. तोंडाला मास्क, चार हात लांब बसणार. बाजारभाव, पोरांची लग्नं, जुनी कुस्ती, पहाटेपर्यंत. आजाराचा शब्द नाही. त्या पाच रात्रींची मला भीती वाटायची बंद झाली ती त्याच्यामुळं.

बाग चांगली आली. घरात द्राक्षाच्या पेट्या, आणि मला मात्र साल काढून खायचं फळ सांगितलेलं. केळी खाल्ली वर्षभर. पुढच्या हंगामात पहिला घड त्या तिघांनी मला बागेत उभं करून खायला लावला.

गावभाग, सांगली

आमचा अनुभव ऑगस्ट २०१९ चा. आईची केमो होऊन आठवडा झालेला, पांढऱ्या पेशींचा काउंट खाली, आणि कृष्णा वाढायला लागली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या घरात पहिला मजला उरला होता. निवारा केंद्रात इतकी गर्दी आणि आईला संसर्ग होऊन चालणार नव्हतं.

आईची शाळेतली मैत्रीण मिरजेला राहते. तिच्या घरी आधीच दोन कुटुंबं येऊन राहिलेली. तरी तिनं एक खोली आणि तिला लागून असलेलं न्हाणीघर आईसाठी रिकामं केलं. स्वतःच्या सुनेचं माहेर हॉलमध्ये झोपलं. पिण्याचं पाणी उकळून वेगळ्या कळशीत. मी फाइल आणि औषधं प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरून बोटीतून आणली, कपडे सगळे मागं राहिले. आईच्या अंगावर नंतर महिनाभर त्या मैत्रिणीचेच गाऊन होते. पुढची केमो मिरजेतच वेळेवर झाली.

मिरज

मी केमोच्या डे-केअर वॉर्डात नर्स आहे. दोन गोष्टी सांगते. कॅन्सर एकमेकांना लागत नाही. पेशंटचं ताट-वाटी वेगळं काढलेलं बघितलं की मला फार वाईट वाटतं. मुलांना जवळ घ्या, एका पंगतीत जेवा. मात्र केमोनंतर साधारण ४८ तास लघवी, उलटीत औषधाचा अंश असतो. ते साफ करताना हातमोजे घाला, संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडा. एवढीच काळजी.

आणि सोबत येणाऱ्यांनो, तुम्ही जेवून या. पेशंट तुमच्याकडेच बघत असतो.

गोडोली, सातारा

बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर केमो, दर दोन आठवड्यांनी, कराडला. गळ्याखाली पोर्ट बसवलेलं, म्हणजे शिरेत औषध सोडायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळं गार वस्तूला हात लागला तरी बोटांना झिणझिण्या, गार पाणी प्यायलं तर घशात आवळल्यासारखं. साताऱ्यातला डिसेंबर आणि हे औषध! फ्रिजला आईनं सुती हातमोजा बांधून ठेवला होता. नळाचं पाणी बाबांनी हिवाळाभर हातावर घेतलं नाही.

बाबांचे मित्र रोज सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाणारे. त्यांनी स्वतःची वेळ बदलून उन्हात, दुपारी चारला नेली, निव्वळ बाबांसाठी. औषधाचा पंप ४६ तास कमरेला असायचा, तसाच तो घेऊन बाबा निघायचे. केमोला कराडला जाताना एक काका गाडी चालवायचे, पंप काढायला जाताना दुसरे. आम्हाला कधी विचारावं लागलं नाही, त्यांनी पाळ्या ठरवल्या होत्या. मी पुण्याला नोकरीला. रजा संपली तेव्हा हे सगळे आहेत म्हणून मी परत जाऊ शकले.

वाई

माझी बहीण राहिली नाही. तरी लिहितो, कारण असे अनुभवही इथं हवेत.

दुसरी औषधं देऊनही आजार वाढत गेला, तेव्हा तिनंच डॉक्टरांना विचारलं आणि तिनंच केमो थांबवायचं ठरवलं. घरात रोज कुणीतरी नवा काढा, नवा वैद्य, नवं गाव सुचवायचं. आमच्या आत्यानं एका संध्याकाळी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, "तिनं विचार करून ठरवलंय. आता तिला जे हवं ते करायचं." त्यानंतर घर शांत झालं. केमो थांबली म्हणजे उपचार थांबले असं नसतं. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या, झोप लागायला लागली. तिला मेणवलीचा घाट बघायचा होता, मुलांना घेऊन आम्ही गेलो. आत्या ठाम राहिली नसती तर ते दिवस आम्ही कुठल्या तरी प्रवासात घालवले असते.

विश्रामबाग, सांगली

वाईच्या दादा, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

खर्चाबद्दल काहींनी विचारलंय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, पण हॉस्पिटल योजनेतलं हवं आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा, उपचार सुरू व्हायच्या आधी. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्यांसाठी रेल्वेची सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफी, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. हे धावपळीचं काम घरच्यांवर टाकू नका, ओळखीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला सांगा. आमच्याकडे माझ्या पुतण्यानं सगळे कागद केले, आणि झेरॉक्सचे तीन संच वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले.