मदत हवी आहे: फेअरफोन ४, कर्नलचा सोर्स आणि बूटलोडर अनलॉक

मंडळी, फेअरफोन ४ वापरतोय, म्हणजे घरच्या घरी दुरुस्त करता येणारा अँड्रॉइड फोन. हार्डवेअरबद्दल काडीची तक्रार नाही. बॅटरी नखाने निघते, चार्जिंग पोर्टचं मोड्यूल साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने मीच बदललं. अडतंय ते सॉफ्टवेअरपाशी.

फोन २०२१चा, चिप क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ७५०जी, कर्नल (सिस्टीमचा गाभा, लिनक्सवर बेतलेला) ४.१९. मूळ लिनक्समध्ये ४.१९ची शाखा डिसेंबर २०२४मध्येच बंद झाली. कंपनी अपडेट देतेय तोवर ठीक, पण पुढे काय? फेअरफोन १ची गत आठवते ना? सुटे भाग विकायला आणले होते, पण मीडियाटेकच्या चिपचा पुरेसा सोर्स (मूळ कोड) हाती नव्हता, त्यामुळे अँड्रॉइड ४.२वरून पुढे सरकता येईना. २०१७मध्ये कंपनीने हात टेकले. फेअरफोन २चं बरोब्बर उलटं. क्वालकॉमने अँड्रॉइड ६नंतर अंग काढून घेतलं, तरी तो फोन अँड्रॉइड १०पर्यंत पोचला आणि २०२३पर्यंत अपडेट मिळवत राहिला. बॅटरी दोन्हींची बदलता येत होती, फरक पडला तो कोडमुळे. म्हणून सपोर्ट चालू आहे तोवरच दुसरी सिस्टीम टाकायचा सराव करून घ्यावा म्हणतोय.

तर प्रश्न असे. कर्नलचा सोर्स मागणं हा आपला हक्क आहे की कंपनीची मेहेरबानी? तो मिळाला म्हणजे सगळा फोन उघडा झाला का? आणि बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम तपासून चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक केल्यावर नवी सिस्टीम टाकून तो पुन्हा लॉक करायचा आहे, कारण अनलॉक केलेला फोन खिशात घेऊन फिरणं मला पटत नाही. त्यात धोका कुठे आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कर्नलकाका: हक्कच आहे. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. बायनरी (सोर्सपासून बनवलेली चालती फाइल) वाटली की सोर्स द्यावाच लागतो, नाहीतर किमान तीन वर्षं लागू राहील अशी लेखी तयारी तरी दाखवावी लागते. नुसत्या फायली देऊन भागत नाही, बिल्ड करायच्या स्क्रिप्टही त्यात आल्या. फेअरफोन सोर्स आणि बिल्डच्या सूचना स्वतःच प्रसिद्ध करते, मागे लागावं लागत नाही.

पण सगळा फोन उघडा होतो हे मनातून काढून टाका. अँड्रॉइडचा बराचसा भाग अपाची लायसन्सवर आहे, त्यातले बदल दाखवायचं बंधन कोणावरच नाही. मोडेमचं फर्मवेअर, कॅमेऱ्याची प्रक्रिया, ट्रस्टझोन (चिपमधला सुरक्षित कप्पा) हे तर बंद डबेच. लिनिएजओएस ही पर्यायी सिस्टीम बनवणारेही हे ब्लॉब (सोर्स नसलेल्या तयार फायली) मूळ सिस्टीममधूनच उचलतात.

स्वतः कर्नल बिल्ड केलात तर एक गंमत होते. फोन झकास चालू होतो आणि वायफाय गायब. ड्रायव्हर वेगळं मोड्यूल म्हणून असेल आणि त्यातली व्हर्जनची खूण नव्या कर्नलशी जुळली नाही, तर कर्नल त्याला दारातच अडवतो. तेव्हा मोड्यूलही त्याच सोर्समधून बांधा आणि मूळ बूट इमेज (कर्नल असलेली फाइल) कॉम्प्युटरवर जपून ठेवा.

भटकी_तार: बॅकअप घ्या. अनलॉकला सगळा डेटा उडतो, ‘क्रिटिकल’ (बूटलोडरसारख्या नाजूक भागांच्या) अनलॉकला पुन्हा एकदा उडतो. बाकी चालू द्या.

स्क्रूड्रायव्हर: अनलॉक सोपं आहे. फेअरफोनच्या साइटवर आयएमईआय आणि सिरियल नंबर टाकला की कोड मिळतो. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, ओईएम अनलॉकिंग चालू करताना तो कोड द्या. मग फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायच्या मोडमध्ये) जाऊन ‘फ्लॅशिंग अनलॉक’. यापुढे दर वेळी फोन चालू होताना इशारा दिसेल, त्याला घाबरू नका. काही बँकांची अ‍ॅप्स मात्र रुसतील.

फोन मरतो तो पुन्हा लॉक करताना. नव्या सिस्टीमचा सिक्युरिटी पॅच आधीच्यापेक्षा जुना असेल, तर लॉक केल्यावर बूटलोडर ती चालूच करत नाही. बरं, लॉक असल्यामुळे तुम्हाला दुसरी टाकताही येत नाही. त्यामुळे आधी दोन्ही तारखा ताडून पाहा. शिवाय ती सिस्टीम लॉक केलेल्या बूटलोडरवर चालण्यासाठीच सही करून दिलेली आहे ना, हे तिच्या पानावर वाचा. सगळ्या तशा नसतात.

धागाकर्ता: आभार! तारखा जुळल्या, सहीचंही पाहिलं. लॉक करू का मग?

स्क्रूड्रायव्हर: थांबा! आधी ‘फास्टबूट फ्लॅशिंग गेट_अनलॉक_अ‍ॅबिलिटी’ चालवा. उत्तर १ (म्हणजे पुन्हा अनलॉक करता येईल) आलं तर आधी क्रिटिकल आणि मग साधं, या क्रमाने लॉक करा. ० आलं तर लॉकला हातही लावू नका. सिस्टीममध्ये परत जा, ओईएम अनलॉकिंग चालू आहे का पाहा, नसेल तर चालू करा आणि पुन्हा विचारा. काय उत्तर येतं ते इथे लिहा.