धागा : उपग्रह आला म्हणून गावाला विचारणं बंद करायचं का?

शिवेवरचा (धागाकर्ता, वर्धा जिल्हा) :
भूगोलाच्या एका प्राध्यापकांची पोस्ट काल प्रत्येक ग्रुपवर येऊन पडली. सार असं, की जीआयएस (संगणकावर थरावर थर ठेवून केलेले नकाशे) असताना गावात फिरून, म्हाताऱ्यांना विचारून नकाशे भरणं हा वेळेचा अपव्यय. सांस्कृतिक भूगोल म्हणजे तर नुसते जुन्या आठवणींचे कढ. टाळकंच सरकलं.

सर, सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटरचा. आमची पांदण एक बंडी जाईल एवढी. ती दिसली तरी वहिवाटीची आहे की कुणी धुरा (शेताचा बांध) फोडून काढली, हे वरून कसं कळणार? ते निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत असतं, नाहीतर माणसांच्या डोक्यात. आणि रिठी? महसुलाच्या दप्तरात गाव आहे, वस्ती शून्य. उपग्रहाला तिथं पऱ्हाटी (कपाशी) दिसते. मारुतीचं ठाणं तिथंच आहे, उठून गेलेल्यांची नातवंडं अजून नारळ फोडायला येतात. हा लेयर कुठून डाउनलोड करता?

रास्टरबाबा (गोंदिया) :
10 मीटर हे फुकटच्या चित्राचं झालं. ड्रोनचं चित्र काही सेंटिमीटरवर येतं. आणि म्हाताऱ्यांचं कौतुक पुरे. आमच्याकडच्या मामा तलावांवर (जुन्या मालगुजारी तलावांवर) लँडसॅट उपग्रहाची 1972 नंतरची चित्रं एकावर एक ठेवून बघा, तलावाचं पोट कुठं कुठं धानानं खाल्लं ते दिसतं. म्हाताऱ्याला विचाराल तर म्हणेल, पहिल्यापासून असंच होतं. म्हणणारच, तिथली बांधी (धानाचं शेत) त्याचीच आहे!

बंडीवाला :
ड्रोनचं नाव काढू नका बाप्पा. स्वामित्व योजनेची, गावठाणातल्या घर-जागांची मोजणी आमच्या गावात आली तं हद्दीवर चुन्याची फक्की मारा म्हणे. मारली. मोठ्या भावानं रातीतून ती माह्या कोठ्याच्या (गुरांच्या गोठ्याच्या) अंगावर सरकवली. सकाळी ड्रोननं तेच टिपलं, एकदम सेंटिमीटरवर.

रास्टरबाबा :
मग चूक ड्रोनची का भावाची?

बंडीवाला :
कोठा तं माहाच गेला ना!

तेहतीस फूट :
मोजणीचा विषय निघालाच तर ऐका. 33 फुटी साखळी, 33 बाय 33 चा गुंठा, सगळं बरोबर. पण साखळी ओढणारा माणूस कुणाच्या घरी जेवला, ते पहिले विचारा. आता रोव्हर (उपग्रहावरून जागा टिपणारं मोजणीयंत्र) आला, तरी नवा मोजणारा जुन्याच नकाशावर आणून बसवतो. माझा धुरा दोनदा हलला, शेजाऱ्याचा एकदाही नाही.

घाटकर :
मोजणीच काढली म्हणून सांगतो. विल्यम लॅम्बटन हा इंग्रज मोजणी अधिकारी 1802 मध्ये मद्रासकडून देश मोजायला त्रिकोण मांडत निघाला आणि 1823 मध्ये आमच्या हिंगणघाटात मेला. पुढं त्याच्या जागी आलेल्या एव्हरेस्टचं नाव शिखराला लागलं, याची कबर इथं पडून आहे. भूगोलवाल्यांनी आधी तिथं जाऊन यावं.

तेहतीस फूट :
लॅम्बटननं माझा धुरा मोजला होता का? मधे कशाला आणता त्याला?

मोहफूल (गडचिरोली) :
भूगोलात एमए करताना गावाचा नकाशा मी पारावर बसूनच काढला होता. पंच मंडळींनी देऊळ, पाटलाचा वाडा, मोठी विहीर सगळं सांगितलं. बुद्धविहारामागून जंगलात जाणारी वाट कुणीच सांगितली नाही. ती आईनं सांगितली, एकेक मोहाचं झाड मोजत. वेचायला तीच जायची ना! धागाकर्ते भाऊ, तुमचे म्हातारे कोणत्या मोहल्ल्यातले, तेही लिहा. आणि रास्टरबाबा, आमच्या जिल्ह्यात सामूहिक वनहक्काच्या दाव्यांसाठी लोक जीपीएस हातात घेऊन शिव फिरलेत. यंत्राशी वाकडं कुणाचंच नाही.

शिवेवरचा :
बरं ताई, बायांना विचारायचं राहतं, मान्य. प्राध्यापक साहेबांनाही कळवा, त्यांना तर कुणालाच विचारायचं नाही. रास्टरबाबासारखे लोक प्रोजेक्ट मिळवतात, गावात येऊन चहा पितात, फोटो काढतात अन् पुन्हा दिसत नाहीत.

रास्टरबाबा :
अंगावर येऊ नका. दोन उन्हाळे तलावाच्या पाळीवर काढलेत मी. मारुतीच्या ठाण्याला वेगळा लेयर लागतो, घ्या, दिलं लिहून. खूश? बंडीवाले भाऊ, चौकशीत हरकत घेतली होती का?

बंडीवाला :
घेतली ना. भाऊ साक्षीदार घेऊन आला. कोण? पारावरचेच चार म्हातारे.