वाळू चाळणारा गोबी घेताना आधी पोट बघा
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी 'वाळूवर तपकिरी थर येतोय, डायमंड गोबी आणा' असा सल्ला देतात, तो अर्धाच खरा आहे. हा मासा सफाईसाठी नाही, जेवणासाठी राबतो. तोंडात वाळू भरायची, त्यातले कोपेपॉड, अँफिपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव), बारीक किडे गाळून घ्यायचे आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे सोडायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. नव्या टाकीत हे जीव जेमतेम असतात. ते संपले की वाळू पांढरीशुभ्र दिसते आणि मासा मात्र खंगत जातो. म्हणून पोट खपाटीला गेलेला मासा घेऊच नका. दुकानात गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं खाद्य) खाताना दिसला तरच घ्या, आणि घरी दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं तळाजवळ सोडा.

दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवा, हा त्यांच्याखाली बिळं खणतो. वाळू बारीकच हवी. झाकण जाळीचं का होईना, पण हवंच. घाबरला की उडी मारतो.

याचाच भाऊबंद, पिवळ्या डोक्याचा स्ट्रिगाटा गोबी तर (दिसायला देखणा, मान्य!) तोंडात वाळू घेऊन वर येतो आणि कोरलवर सांडतो. कोरलवरची वाळू रोज उडवायची तयारी नसेल तर तो नकोच.