मदत हवी आहे : भात निसवलंय आणि गवे रोज शेतात

नमस्कार मंडळी. आमचं शेत आजरा तालुक्यात, जंगलाला लागून आहे. घनसाळ भात नुकतंच निसवलंय, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यात. घटस्थापना जवळ आली की दरवर्षी गव्यांचा कळप उतरतो, पण यंदा तो रोज येतोय. खाल्लेल्यापेक्षा तुडवलेलंच जास्त. मागोमाग रानडुकरं येऊन बांध उकरतात. वडील सत्तरीचे, तरी रात्री शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) राखणीला जातात. अंधारात समोर गवा आला तर काय, या विचारानं घरात कुणाला झोप नाही.

तारेत थेट वीज सोडा, असं काहीजण सुचवतात. ते अजिबात करायचं नाही. बेकायदा तर आहेच, शिवाय माणसं आणि गुरंही त्यात मेलीत. गव्यालाही इजा नको, त्याचं रान आमच्याआधीचं आहे.

सौर कुंपण, म्हणजे सौर ऊर्जेवर हलका झटका देणाऱ्या तारांचं कुंपण, कुणी केलंय का? गव्यासाठी तार किती उंच लागते, आणि डुकरासाठी खालची जमिनीपासून किती वर? पावसात वाढलेलं गवत तारेला टेकून झटका कमी होतो म्हणतात, ते कसं सांभाळता?

नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करतोय. पंचनाम्याआधी तुडवलेलं भात कापलं तर चालतं का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.