विद्यावेतनाला हजेरीची आणि समाजसेवेची अट हवी का?

ताळेबंद : महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून कार्यालयात किंवा उद्योगात काम शिकणाऱ्या तरुणांना महिना विद्यावेतन मिळतं: बारावीला ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये अकरा झाली. पुढे काय? याचं किमान उत्पन्न करा: बेरोजगाराला महिना ४,०००, बदल्यात आठवड्याला १२ तास प्रशिक्षण, ४ तास समाजसेवा. राजस्थानात २०२२ पासून बेरोजगार पुरुषांना महिना ४,०००, महिलांना ४,५०० देतात, तेही रोज चार तासांच्या इंटर्नशिपवर.

मस्टर : सक्तीची सेवा म्हणजे वेठबिगारी. आजचाच हिशेब बघा. बारावीचे ६,००० भागिले २५ दिवस, रोजचे २४०. २०२४-२५ मध्ये राज्यात रोहयोची मजुरी २९७ होती! वर किमान वेतन आणि पीएफ लागू नाही. कार्यालयाला असा लिपिक मिळाला की रिक्त पद भरायची घाई कोणाला?

ताळेबंद : माझ्या हिशेबात चार आठवड्यांचे ६४ तास होतात, म्हणजे ताशी ६२ रुपये. २९७ला आठ तासांनी भागा, ३७ येतात. वेठ कुठली?

शिरस्तेदार : दरावर भांडताय, पण घोडं हजेरीत पेंड खातं. हजेरी आस्थापनेनं, म्हणजे पोरं जिथं काम शिकतात तिथल्या कार्यालयानं किंवा उद्योगानं, पोर्टलवर भरायची. तिथं उशीर झाला की पोरांचे पैसे अडकतात. महिन्यात दहा दिवस गैरहजर, तर तो महिनाच गेला. शिवाय थेट हस्तांतरणाची रक्कम जाते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि पोरं भलतंच पासबुक तपासत बसतात. यात समाजसेवेचे तास घाला. झाडं लावल्याची सही कोणाची? सरपंचाची की मंडळाच्या अध्यक्षाची? महिन्याभरात सहीला भाव फुटेल.

मस्टर : मग अटच काढा. फिनलंडनं २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांना महिना ५६० युरो विनाअट दिले. कोणी आळशी झालं नाही, रोजगार थोडा वाढलाच.

ताळेबंद : ते २,००० होते. इथं दहा लाख धरले तर वर्षाला ४,८०० कोटी. विनाअट म्हटलं की दहाचे चाळीस लाख होतील.

शिरस्तेदार : तास मोजूच नका. ३,००० एक तारखेला, विनाहजेरी. उरलेले १,००० साठवा आणि तीन महिन्यांनी कौशल्याच्या चाचणीनंतर एकदम द्या. वेल्डिंग असेल तर जोड तपासा, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर जीएसटीचं विवरण भरून घ्या. समाजसेवा ऐच्छिक.

मस्टर : आणि चाचणी घेणार कोण? आयटीआयचे निदेशक? त्यांना स्वतःच्या तुकड्या सांभाळून महिन्याला किती जणांचे जोड तपासता येतील, ते आधी सांगा.