पुन: पुन: ज्येष्ठांच्या सहलीची बस – लिफ्टचा रिकॉल आणि उरलेली रक्कम

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार,

एस्टेस पार्कच्या सहलीसाठी ठरवलेल्या बसच्या व्हीलचेअर चढवणाऱ्या लिफ्टबाबत काल जी शंका उपस्थित झाली (तिच्यावर रिकॉल, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून देण्याची उत्पादकाची सूचना, बाकी तर नाही ना), तिच्यासंबंधी मी बसमालकांशी बोलले. त्यांनी बसचा व्हिन (वाहन-ओळख) क्रमांक एनएचटीएसए या अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर घालून मिळालेले पान पाठवले असून त्यावर एकही प्रलंबित रिकॉल दिसत नाही. आक्का आणि बापू या दोघांच्याही व्हीलचेअर याच बसमधून न्यायच्या आहेत आणि ऐन हंगामात लिफ्ट असलेली दुसरी बस मिळणे अवघड आहे. तेव्हा खजिनदारांनी शुक्रवारपर्यंत उरलेली रक्कम भरावी, ही विनंती.

प्रेषक: खजिनदार

नमस्कार. ज्या सभासदाने शंका काढली त्याचे समाधान झाल्याचे मला या यादीवर कोठेही दिसले नाही. संक्रांतीच्या बसचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, त्याची उजळणी करत नाही. शंका फिटेपर्यंत धनादेशावर माझी सही होणार नाही.

प्रेषक: नाना

सर्वांना नमस्कार.

शंका माझीच होती आणि ती फिटलेली नाही. माझी नोकरी बसताफ्याच्या देखभालीत गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कंटाळा येईल त्यांनी शेवटचा परिच्छेद तेवढा वाचावा.

आपली बस म्हणजे एका कंपनीच्या चॅसीवर (चाके-इंजिनाच्या सांगाड्यावर) दुसऱ्या कंपनीने चढवलेली बॉडी, आणि त्या बॉडीत तिसऱ्याच कंपनीने पुरवलेली लिफ्ट. व्हिन क्रमांक हा चॅसीवाल्यांचा असतो. त्यामुळे चॅसीतला दोष त्या क्रमांकावर बिनचूक सापडतो. उदाहरणार्थ, २०१७ साली फोर्डने २०१५ ते २०१७ च्या ट्रान्झिट गाड्यांपैकी ४ लाखांहून अधिक परत बोलावल्या होत्या, कारण ड्राइव्हशाफ्टची लवचीक कपलिंग तडकण्याची शक्यता होती. असला रिकॉल व्हिनवर लगेच दिसतो. लिफ्टचा रिकॉल मात्र पुष्कळदा उपकरणाचा रिकॉल म्हणून नोंदला जातो. त्याच्या मोहीम क्रमांकात वर्षाच्या दोन आकड्यांनंतर व्ही न येता ई येतो, आणि तो शोधावा लागतो लिफ्टच्या कंपनीवरून, मॉडेलवरून आणि लिफ्टच्या स्वतःच्या अनुक्रमांकावरून. शिवाय लहान उत्पादकांचे रिकॉल त्या व्हिन-शोधात येतीलच असे नाही, हे खुद्द एनएचटीएसएने तेथेच लिहून ठेवले आहे. म्हणजे मालकांनी पाठवलेले पान खोटे नाही, पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न आपण विचारलेलाच नव्हता.

रिकॉलच्या सूचनेत ज्या भागाचा उल्लेख आहे तो म्हणजे लिफ्टच्या फलाटाच्या, ज्यावर खुर्ची उभी करतात त्याच्या, बाहेरच्या कडेची आडवी पट्टी. अशा लिफ्टसाठीच्या अमेरिकी केंद्रीय मानक ४०३ प्रमाणे फलाट जमिनीपासून ७५ मिलिमीटरपेक्षा वर असताना ही पट्टी उभी राहून चाकांना अडवायला हवी. ती वर आलेली दिसते, पण खटका बसलेला नसतो, हा यातला दोष. खुर्चीचे पुढचे चाक टेकले की ती मुकाट्याने आडवी होते. वरच्या टोकाला, म्हणजे बसच्या दारात, धोक्याची घंटा आणि दिवा असतो. फलाट बसच्या तळापासून इंचभर जरी खाली गेलेला असेल आणि कोणी उंबऱ्यावर असेल तर ती वाजते. ही घंटा वाजली म्हणजे लिफ्ट सुरक्षित, असे चालक सांगतील. त्यांना सांगावे की घंटा आतल्या कडेसाठी आहे आणि आपला प्रश्न बाहेरच्या कडेचा आहे.

आणखी एक. बस त्यांनी दुसऱ्या हाताची घेतली आहे. रिकॉलचे पत्र लिफ्ट-कंपनीच्या दप्तरी ज्याचे नाव असेल त्याच्याकडे जाते. त्यामुळे ‘आम्हाला पत्र आले नाही’ हे मालकांचे म्हणणे अगदी प्रामाणिक असू शकते.

तेव्हा दोनच गोष्टी मागाव्यात: लिफ्टवरील धातूच्या पट्टीचे छायाचित्र, ज्यावर अनुक्रमांक वाचता येईल, आणि क्रमांक रिकॉलमध्ये बसत असेल तर दुरुस्ती झाल्याची गॅरेजची सही-शिक्क्याची पावती. या दुरुस्तीचा खर्च उत्पादकाने करायचा असतो, त्यामुळे मालकांनी पैशाची सबब सांगू नये.

प्रेषक: माजी अध्यक्ष

नाना, एवढ्या खोलात जाण्याचे कारण मला समजले नाही. रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देण्यास २०१६ पासून कायद्याने बंदी आहे. ज्या अर्थी मालक बस देत आहेत, त्या अर्थी ती निर्दोष आहे.

प्रेषक: घटना-समितीचे निमंत्रक

माजी अध्यक्षांचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तो कायदा १०,००० पौंड किंवा त्याहून कमी एकूण वजनक्षमतेच्या, चालकाविना भाड्याने दिल्या जाणाऱ्या आणि ३५ किंवा अधिक गाड्यांच्या ताफ्यातील वाहनांपुरता आहे. आपली बस वजनाने त्याबाहेर आहे, ती चालकासह येते, आणि मालकांचा ताफा एवढा मोठा असल्याचे ऐकिवात नाही. मालकाने रिकॉलची दुरुस्ती अमुक तारखेच्या आत करून घ्यावी, असे बंधन एरवी केंद्रीय कायदा घालत नाही. म्हणून ते बंधन आपण करारात घालायचे.

प्रेषक: बाग समितीतील काका

करार, कलम, मानक! अहो, आपल्याकडे धडधाकट मंडळी आहेत. लिफ्ट बंद ठेवा, आक्कांना खुर्चीसकट चौघे जण उचलून आत बसवू. गणपतीला आपण उचलतोच की.

प्रेषक: आक्का

काका, आपल्या मायेबद्दल शंका नाही, परंतु मला गणपती व्हायचे नाही. माझी खुर्ची मोटरची आहे. ती आणि मी मिळून किती वजन होते हे चौघांच्या पाठी मोडल्यावर कळून काय उपयोग? लिफ्ट ६०० पौंड भाराच्या हिशेबाने बांधलेली असते, ती उगाच नव्हे. खुर्ची घट्ट धरता येईल अशी जागाही तिला नाही. हात घातला की हाताला येतो तो बाजूचा हातटेका किंवा पायाची पाटी, आणि दोन्ही उपटून येतात.

आणखी एक सांगते, कारण आपण डेन्व्हरमध्ये राहतो. जुलै १९७८ मध्ये याच शहरात, कोलफॅक्स आणि ब्रॉडवेच्या चौकात, व्हीलचेअरवरची १९ माणसे शहराच्या बसपुढे ठाण मांडून बसली होती, कारण त्या बसना लिफ्ट नव्हत्या. त्यांच्या हट्टामुळे मी आज कोणाला न विचारता भाजी आणायला बसने जाते. सहलीला जायचे तर मी लिफ्टनेच चढेन, आणि ती लिफ्ट धड असेल तरच.

ज्या बहिणींचे गुडघे दुखतात त्यांनीही लक्षात ठेवावे की व्हीलचेअर नसली तरी लिफ्टवर उभे राहून चढण्याचा हक्क आहे. चालकाने नाही म्हटले तर माझ्याकडे पाठवा.

प्रेषक: युवा विभाग

आक्का, आरटीडीच्या (डेन्व्हरच्या सार्वजनिक बससेवेच्या) बसचे उदाहरण निघालेच आहे म्हणून: लिफ्ट बिघडली तर मोठ्या शहरात ती बस ३ दिवसांहून अधिक काळ रस्त्यावर ठेवता येत नाही, असा नियम मी वाचला आहे. तोच आपल्या बसमालकांना दाखवावा का?

प्रेषक: घटना-समितीचे निमंत्रक

दाखवू नये, ते हसतील. तो नियम सार्वजनिक संस्थांसाठी आहे, आणि ती मुदतही बदली गाडी नसेल तेव्हाच मिळते. खाजगी मालकांना लागू पडते ते सर्वसाधारण कलम: लिफ्टसारखी साधने चालू स्थितीत ठेवणे आणि बिघडल्यास तत्परतेने दुरुस्त करणे.

प्रेषक: वाहतूक उपसमिती

सर्वांच्या विद्वत्तेचा आदर राखून नमूद करू इच्छितो की बस हा विषय वाहतूक उपसमितीचा आहे. सहल समितीने करार परस्पर केला, नानांनी शंका परस्पर काढली आणि आता करारातील कलमही परस्पर लिहिले जात आहे. आम्हाला विचारले असते तर सामान ठेवण्याचा कप्पा खाली असलेली उंच कोच सुचवली असती. ती चालवणाऱ्या कंपनीला ४८ तास आधी कळवले की लिफ्टची गाडी द्यावी लागते.

प्रेषक: खजिनदार

आणि त्या कोचचे भाडे वाहतूक उपसमिती भरणार का?

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार.

करार परस्पर झालेला नाही. उपसमितीला पत्र पाठवले होते, उत्तर आले नव्हते. असो.

मालकांनी आज लिफ्टच्या पट्टीचे छायाचित्र पाठवले. अनुक्रमांक रिकॉलच्या मर्यादेत येतो. दुरुस्तीचा संच लिफ्ट-कंपनीकडून मागवला असून तो मंगळवारी बसवतील, असे ते म्हणतात. पावती बुधवारी मिळाल्यास रक्कम भरावी. न मिळाल्यास कोच घ्यावी आणि वाढीव भाडे सहल निधीतून द्यावे, असे मी आणि खजिनदारांनी ठरवले आहे. निमंत्रकांनी सुचवलेले कलम मालकांनी मान्य केले आहे.

प्रेषक: नाना

ठीक. पावती आली तरी निघण्यापूर्वी रिकामी लिफ्ट एकदा पूर्ण खाली-वर करून घ्यावी. फलाट कमरेएवढा वर असताना कडेची पट्टी मी हाताने ढकलून पाहीन. वीज गेली तर हाताने चालवायचा दांडा बसमध्ये आहे का आणि चालकाला तो चालवता येतो का, हेही तेथेच विचारीन. दांडा पुष्कळदा गॅरेजमध्येच राहिलेला असतो.

प्रेषक: बापू

दोन खुर्च्या चढवून पट्ट्यांनी जखडायला बराच वेळ लागतो, त्यात नानांची तपासणी. निघण्याची वेळ साडेसात लिहिली आहे ती सात करावी, आणि बाकीच्यांनी आम्ही चढेपर्यंत दारात चहाचे पेले घेऊन उभे राहू नये.