अमेरिकी विद्यापीठांनी फुटबॉलचा एवढा पसारा सांभाळावा का?

ह्यूस्टनकर:
टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, आणि उरलेल्या करारापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. ही रक्कम देणगीदार भरतात, असं समर्थन होतं. पण विद्यापीठाच्या नावाने जमणारा पैसा आधी कुठे वळतो, ते यातून उघड होतं. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये मोठं फुटबॉल बंद केलं, तेही सर्वोत्तम विद्यापीठ फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा पहिला मानकरी, जे बरवँगर, त्यांचाच असताना. ३० वर्षांनी खेळ परतला तो क्रीडा-शिष्यवृत्त्यांशिवाय. विद्यापीठाचं काय बिघडलं?

आयोवावासी:
दादा, शिकागो महानगर आहे. आमच्या आयोवा सिटीत शनिवारी मॅच असली की सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात, जुने विद्यार्थी नातवंडांना घेऊन येतात. किनिक स्टेडियमसमोर मुलांचं रुग्णालय आहे. २०१७ पासून मॅचचा पहिला क्वार्टर (पाव भाग) संपला की अख्खं स्टेडियम वळून वरच्या खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात हलवतं. पाहुण्या संघाचे खेळाडूसुद्धा! हे दुसऱ्या कशाने जमलं असतं, सांगा. शिवाय मोठ्या विद्यापीठांत पोहणं, कुस्ती, मुलींचे संघ बहुतांशी फुटबॉलच्याच उत्पन्नावर चालतात. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींना हक्क दिला, खर्चाची सोय मात्र कुठूनतरी करावीच लागते.

बे एरिया:
ताई, त्याच मुलींचं बघा. फुटबॉलच्या टीव्ही-पैशापायी पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या विद्यापीठांची लीग फुटली आणि २०२४ मध्ये इथली स्टॅनफर्ड, बर्कली विद्यापीठं थेट पूर्व किनाऱ्यावरच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या लीगमध्ये गेली. आता व्हॉलीबॉलच्या मुली मॅचसाठी नॉर्थ कॅरोलिनापर्यंत विमानाने जातात. तास बुडतात, झोप बुडते. हा निर्णय त्यांच्या खेळासाठी झालाच नव्हता.

ह्यूस्टनकर:
आणि मैदानावर डोक्याला मार खाणारी मुलं? २०२१ पर्यंत त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातसुद्धा करता येत नव्हती.

आयोवावासी:
ते चूकच होतं. आता २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. बे एरिया, तुमचा मुद्दा मला पटतो. मग टीव्हीसाठी फुटबॉलचीच लीग वेगळी करा आणि बाकीचे संघ जवळच्या विद्यापीठांशी खेळू द्या. त्यासाठी किनिक रिकामं करायची गरज नाही.